आवडता एडिटर घरी ठेवा, हजर कोण आहे ते शिका

(पोस्ट मोठी आहे. विषय थोडा तांत्रिक आहे, पण संगणकाशी संबंध नसलेल्यांनीही वाचावी. कारण शेवटी रांगेत तुम्हीच उभे असता.)

मागच्या पावसाळ्यात रात्री पावणेदोनला फोन वाजला. इतक्या रात्री फोन आला म्हणजे गावाकडे कुणाचं तरी काहीतरी झालं, असं समजून बायको आधी उठून बसली. फोन होता तेवीस वर्षांच्या एका पोराचा. पहिलीच नोकरी. तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेचा सर्व्हर सांभाळणाऱ्या छोट्या ठेकेदाराकडे.

"सर, सर्व्हर उठत नाहीये. आणि मी अडकलोय."

"कशात अडकलास?"

"सर, व्हीआयमध्ये."

झालं होतं असं. संध्याकाळी त्याने बॅकअपसाठी नवी डिस्क जोडली आणि ती आपोआप लागावी म्हणून एफएसटॅब नावाच्या फाइलीत शेवटी एक ओळ लिहिली. ओळीत एक अक्षर चुकलं. रात्री सर्व्हर रीस्टार्ट केला, तो इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन थांबला. काळा पडदा, पांढरी अक्षरं, नेटवर्क नाही. पोराने नॅनो उघडायचा प्रयत्न केला. उत्तर आलं, "कमांड नॉट फाउंड". मग कुठेतरी ऐकलेलं आठवून व्हीआय उघडलं. लिहायला गेला तर अक्षरं उमटेनात, उलट ओळी गायब व्हायला लागल्या. सवयीने कंट्रोल-एस दाबलं, तर पडदाच गोठला. घाबरून दोनदा वीज बंद करून चालू केली. दोन्ही वेळा तिथेच येऊन अडकला. सकाळी दुधाचं दहा दिवसांचं बिल खात्यावर जमा व्हायचं होतं. साडेनऊला बायाबापड्या पासबुक घेऊन दारात उभ्या राहणार होत्या.

मी फोनवर सांगत गेलो. "आधी कंट्रोल-क्यू दाब, पडदा सुटेल. आता एस्केप. पुन्हा एस्केप. कोलन, क्यू, उद्गारचिन्ह, एंटर. आलास बाहेर? श्वास घे." मग रूट फाइलसिस्टीम लिहिण्याजोगी करून घेतली, फाइल परत उघडायला लावली. "कॅपिटल जी दाब, शेवटच्या ओळीवर जाशील. शून्य दाब. आय दाब. हॅश टाइप कर. एस्केप. कोलन, डब्ल्यू, क्यू, एंटर. आता रीस्टार्ट कर."

सर्व्हर उठला. सगळं मिळून दहा मिनिटंही लागली नाहीत. त्याआधीचे तीन तास मात्र त्या पोराने एकट्याने घामाघूम होऊन काढले होते.

दुसऱ्या दिवशी त्याला लेखी समज मिळाली. "एवढंही येत नाही?" असं सगळ्यांसमोर विचारलं गेलं. त्याने मला सांगितलेली पुढची गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. इंजिनिअरिंगच्या परीक्षेत त्याला प्रश्न आला होता, "व्हीआय एडिटरचे मोड सांगून स्पष्ट करा." पाच गुण. पाचपैकी पाच मिळाले होते. व्हीआय प्रत्यक्ष उघडलं मात्र त्या रात्री पहिल्यांदा.

आता मला भांडायचंय. त्या पोराशी नाही. आपल्याशी, म्हणजे वीस-पंचवीस वर्षं या धंद्यात असलेल्या, शिकवणाऱ्या, सिस्टीम उभ्या करून देणाऱ्या लोकांशी.

आपल्याकडे एडिटर हा विषय निघाला की चर्चा कुठे जाते? सगळ्यात चांगला कुठला. व्हिमवाले एका बाजूला, ईमॅक्सवाले दुसऱ्या बाजूला, आणि व्हीएस कोडवाली नवी पिढी दोघांना हसत मध्ये. चाळीस वर्षं हे चालू आहे. मजा येते, मीही तरुणपणी पुष्कळ भांडलोय. पण हा आवडीनिवडीचा प्रश्न आहे. पुरणपोळी दुधाबरोबर खायची की तुपाबरोबर, तसला. रात्री पावणेदोनला विचारायचा प्रश्न वेगळाच असतो. नेट नाही, माउस नाही, काही बसवता येत नाही, मशीन दुसऱ्याचं आहे. अशा वेळी समोर कोण हजर असेल?

या प्रश्नाचं उत्तर उपलब्ध आहे. बऱ्यापैकी नक्की आहे. आणि ते आपण पोरांना सांगत नाही, हीच माझी तक्रार आहे.

उत्तर सांगतो.

युनिक्ससारख्या सिस्टीममध्ये काय असावं याचं पॉसिक्स नावाचं एक मानक आहे. त्यात ईडी अनिवार्य सोयींमध्ये आहे. व्हीआय आणि त्याचा ओळीवर चालणारा भाऊ ईएक्स हे दोघे माणसाने बसून वापरायच्या सोयींच्या गटात आहेत. हा गट ऐच्छिक आहे, पण माणसाने लॉगिन करून काम करायच्या बहुतेक मशीनांवर व्हीआय भेटतोच. नॅनो या मानकात नाही. ईमॅक्स नाही. व्हीएस कोडचा तर प्रश्नच नाही.

(ईडी म्हटल्यावर दचकू नका. हा तो नव्हे. हा केन थॉम्प्सनने १९६९ च्या सुमाराला लिहिलेला. धाड घालत नाही. तुमचं काही चुकलं तर नोटीस म्हणून फक्त एक प्रश्नचिन्ह पाठवतो. काय चुकलं ते तुम्ही शोधायचं. म्हणजे तसं साम्य आहेच म्हणा.)

व्हीआय बिल जॉयने १९७६ च्या सुमाराला बर्कलीला लिहायला घेतला. बाण सोडून एच, जे, के, एल या अक्षरांनी का हलायचं, असं पोरं विचारतात आणि त्यांना वाटतं की म्हाताऱ्यांनी मुद्दाम छळायला हे केलंय. तसं नाही. जॉय ज्या एडीएम-३ए टर्मिनलवर काम करायचा, त्याच्या कीबोर्डावर बाण त्याच चार कळांवर छापलेले होते. एस्केपची कळ आज जिथे टॅब असते तिथे होती, करंगळीच्या टप्प्यात. मोडेमची लाइन कासवाच्या गतीची, म्हणून प्रत्येक आज्ञा एका-दोन अक्षरांची. यामागे कारण आहे, आणि कारण कळलं की चीड कमी होते. वर्गात हे सांगायला पाच मिनिटं पुरतात.

आता प्रत्यक्ष मशीनवर काय भेटतं ते.

डेबियन आणि उबुंटूच्या नेहमीच्या इन्स्टॉलेशनमध्ये नॅनो असतो आणि व्हिमची छोटी आवृत्तीही असते. क्रॉनटॅब पहिल्यांदा उघडताना उबुंटू विचारतं कुठला एडिटर हवा, आणि नॅनोपुढे "सगळ्यात सोपा" असं लिहून बाणही दाखवतं. एक खड्डा लक्षात ठेवा. त्या छोट्या व्हिममध्ये लिहिताना बाणाच्या कळा दाबल्या की कधीकधी ए, बी, सी, डी अशी अक्षरं उमटतात. मशीन बिघडलेलं नसतं. एस्केप दाबा आणि मग हला.

रेड हॅटच्या घराण्यात कमीत कमी सामान घेऊन बसवलेल्या मशीनवर व्हीआय असेल. नॅनो असेलच असं नाही. आमचा पोरगा इथेच फसला. गंमत म्हणजे त्याच घराण्यातल्या फेडोराने २०२० मध्ये ३३ व्या आवृत्तीपासून नॅनो हा आपोआप उघडणारा एडिटर केला. म्हणजे एकाच घरात थोरल्याचा नियम वेगळा, धाकट्याचा वेगळा.

अल्पाइनमध्ये बिझीबॉक्सचा व्हीआय. राउटरवरच्या ओपनडब्ल्यूआरटीमध्येही तोच. अगदी सडसडीत, पण वेळ भागवतो. फ्रीबीएसडीत व्हीआय आणि सोबत ईई नावाचा सोपा एडिटर. ओपनबीएसडीत व्हीआय, ईडी आणि ईमॅक्सच्या वळणाचा चिमुकला एमजी. जुन्या बँकांत अजून धापा टाकत चालणाऱ्या एआयएक्सवर व्हीआय. मॅकवर व्हिम आहे, ईमॅक्स होता तो २०१९ च्या कॅटालिनामध्ये काढला. आर्च लिनक्सने २०१९ मध्ये मूळ पॅकेजची नवी मांडणी केली आणि तेव्हापासून त्यात एडिटरच नाही, तुम्ही निवडून बसवायचा.

आणि कंटेनर. डेबियन किंवा उबुंटूची अधिकृत डॉकर इमेज उघडून बघा. व्हीआय नाही, नॅनो नाही, ईडीसुद्धा नाही. तिथे सेड, कॅट आणि एको एवढ्यावर संसार.

आता ही यादी पुन्हा वरपासून वाचा. कंटेनर आणि आर्च सोडले तर सगळीकडे समान असलेलं नाव एकच आहे. मला व्हीआय आवडतो म्हणून सांगत नाही. खरं सांगायचं तर रोजचं लिखाण मी दुसऱ्याच एडिटरमध्ये करतो, आणि कुठल्या ते सांगणार नाही, उगाच भांडणं नकोत. व्हीआय शिकायचा तो तिथे असतो म्हणून. पोहायला शिकताना आपण पाण्याची चव विचारत नाही.

आता आक्षेप. मला तीन प्रकारचे लोक भेटतात.

पहिले म्हणतात, "सर्व्हरवर हाताने फाइल बदलणं हाच गुन्हा आहे. आता सगळं ॲन्सिबलने, गिटमधून, स्वयंचलित." तत्त्व म्हणून शंभर टक्के मान्य. मीही तसंच करतो. पण ॲन्सिबलला त्या मशीनपर्यंत पोचायला नेटवर्क लागतं, आणि मशीन उठलेलं असावं लागतं. एफएसटॅब बिघडलेल्या मशीनवर तुमचा पाचशे ओळींचा प्लेबुक दाराबाहेर उभा राहून बेल वाजवत बसतो. आत माणूसच लागतो. शिवाय तालुक्याच्या पतसंस्थेत, ट्रस्टच्या दवाखान्यात एकच सर्व्हर कपाटाशेजारी ठेवलेला असतो, त्यावर कॅलेंडर टांगलेलं असतं. तिथे तुमची मोठ्या कंपनीची रीत नेऊन पोराला कमी लेखू नका. आणि हो, गिटला तरी कमिटचा संदेश लिहायला एडिटर लागतोच. तुम्ही काही ठरवून दिलं नसेल तर तोही मुळात व्हीआयच उघडतो.

दुसरे म्हणतात, "फाइल लॅपटॉपवर घ्यायची, नोटपॅडमध्ये दुरुस्त करायची, परत टाकायची. हाय काय नाय काय." ज्यांनी हे केलंय त्यांना पुढची गोष्ट माहीत असेल. विंडोज ओळीच्या शेवटी एक जास्तीचं न दिसणारं चिन्ह टाकतं. नोटपॅडची जुनी आवृत्ती असेल, किंवा फाइल नव्याने लिहून ठेवली असेल, तर ते चिन्ह सर्व्हरवर येतं. स्क्रिप्ट डोळ्यांना तंतोतंत बरोबर दिसते आणि चालत नाही. मी एका ठिकाणी या न दिसणाऱ्या चिन्हापायी पूर्ण दुपार गेलेली पाहिली आहे. व्हीएस कोडने दुरून जोडायचं म्हणाल, तर तो समोरच्या मशीनवर स्वतःचा एक तुकडा बसवतो. इमर्जन्सी मोडमध्ये तो कुठून बसवणार?

तिसरे लोक माझ्या पिढीचे. यांच्यावर माझा जास्त राग आहे. हे म्हणतात, "आम्ही नाही का शिकलो? ज्याला व्हीआय येत नाही त्याने सर्व्हरला हात लावू नये." हे लोक मशीन उभं करताना नॅनो मुद्दाम बसवत नाहीत. नवशिक्याची फजिती झाली की चहाच्या टपरीवर त्याचे किस्से सांगतात. अहो, व्हिममधून बाहेर कसं पडायचं, हा स्टॅक ओव्हरफ्लोवरचा प्रश्न २०१७ पर्यंत दहा लाखांहून जास्त वेळा पाहिला गेला होता. त्या संकेतस्थळाने स्वतः ते जाहीर केलं होतं. दहा लाख वेळा लोक एकाच उंबऱ्याला ठेचकाळत असतील तर उंबऱ्यावर दिवा लावायचा की पडणाऱ्यांना हसायचं? व्हिम लिहिणारे ब्राम मूलेनार, जे २०२३ मध्ये गेले, त्यांनी आपल्या कामाच्या बदल्यात वापरणाऱ्यांकडे युगांडातल्या मुलांसाठी मदत मागितली होती. ज्या माणसाचं हत्यार तुम्ही मिरवता, त्याचा थोडा मोठेपणाही घ्या.

म्हणून माझं म्हणणं दोन्ही बाजूंना टोचणारं आहे. मशीन सांभाळणाऱ्याला कामापुरता व्हीआय यायलाच हवा. आणि मशीन उभं करणाऱ्याने नॅनोही ठेवायलाच हवा. पहिली आहे तयारी. दुसरी आहे माणुसकी. एकीच्या नावाखाली दुसरी टाळू नका.

"पण हा सार्वजनिक प्रश्न कसा?" असं काहींना वाटेल. सांगतो.

केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअर वापरायचं धोरण जाहीर केलं. सीडॅकने डेबियनवर बेतलेलं बॉस नावाचं आपलं लिनक्स काढलं. दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इनने निर्देश काढले. सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवा, सिस्टीमचे लॉग १८० दिवस ठेवा, घड्याळं एनआयसी किंवा एनपीएलच्या वेळेशी जुळवा. वाचायला सोपं आहे. पण लॉग १८० दिवस राहतात ते कुणीतरी लॉगरोटेटच्या फाइलीत आकडा बदलतो म्हणून. घड्याळ जुळतं ते कुणीतरी क्रोनीच्या फाइलीत एक ओळ लिहितो म्हणून. दिल्लीत निघालेला कागद तालुक्याच्या कपाटाशेजारच्या मशीनपर्यंत पोचतो, तेव्हा शेवटच्या टोकाला एक पोरगा किंवा पोरगी काळ्या पडद्यासमोर बसून एक ओळ बदलत असते. धोरणाचं शेवटचं इंच म्हणजे तो एडिटर. त्या इंचासाठी आपण कुणालाही तयार करत नाही, आणि चुकलं की समज देतो.

तर माझ्या मागण्या. तीनच आहेत आणि फारसा पैसा लागत नाही.

१) कॉलेजांनो, पाच गुणांचा तो लेखी प्रश्न काढून टाका. त्याऐवजी दोन तासांचं एक प्रात्यक्षिक घ्या. माउस काढून ठेवा, नेटची वायर काढा, एफएसटॅब मुद्दाम बिघडवलेलं मशीन समोर ठेवा आणि म्हणा, उठव. एवढ्यापुरत्या आज्ञा दहा-बाराच आहेत. आय, एस्केप, एक्स, डीडी, यू, शोधायला तिरकी रेघ, कोलन डब्ल्यू, कोलन क्यू, कोलन क्यू उद्गारचिन्ह. कंट्रोल-एसने गोठलेला पडदा कंट्रोल-क्यूने सुटतो हे सांगा. कंट्रोल-झेडने एडिटर बंद होत नाही, मागे जाऊन बसतो आणि एफजी म्हटलं की परत येतो, हेही सांगा. शेवटच्या पंधरा मिनिटांत ईडी दाखवा. एक ओळ बदलून बाहेर पडता आलं तरी पुरे.

२) मशीन उभं करून देणाऱ्यांनो, हस्तांतरणाच्या कागदात एक ओळ लिहा, या मशीनवर कुठला एडिटर आहे. एडिटर आणि व्हिज्युअल ही दोन चलं ठरवून ठेवा, म्हणजे क्रॉनटॅब किंवा गिट अनोळखी दार उघडणार नाही. सुडोचे हक्क बदलायचे तर व्हीआयसुडोनेच, तो चूक असली तर टोकतो. नॅनो बसवा, काही एमबींचा प्रश्न आहे. आणि एडिटर सुरक्षेसाठी मुद्दाम ठेवला नसेल तर तसं लिहा आणि मग दुरुस्ती कशी करायची तेही लिहा.

३) कामं देणाऱ्या संस्थांनो, निविदेत खुर्च्यांच्या चाकांची मापं असतात. त्यात हे एक वाक्य घाला, नेटवर्क नसताना मशीन दुरुस्त करून दाखवणे. काम ताब्यात घेण्यापूर्वी, तुमच्या समोर, तुमच्या माणसाच्या हातून. ठेकेदाराच्या साहेबाच्या हातून नव्हे.

आता काही जण म्हणतील, एका पोराच्या चुकीवर एवढं रामायण. चूक एका अक्षराची होती, ती कुणाकडूनही होते. माझ्याकडून गेल्याच महिन्यात झाली. फरक एवढाच की मला बाहेरची वाट माहीत होती. ती मला कुठल्या कॉलेजने शिकवली नाही. एका सिनिअरने रात्रपाळीत शेजारी बसवून दाखवली होती, न हसता. तेवढं नशीब प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. म्हणूनच तर अभ्यासक्रम असतात ना?

तो पोरगा आता बरा आहे. दुसऱ्या ठिकाणी लागलाय. परवा त्याचा फोन आला, या वेळी दिवसाउजेडी. म्हणाला, "सर, नव्या ऑफिसात एक मुलगी लागलीये. तिला पहिल्याच दिवशी व्हीआयमधून बाहेर पडायला शिकवलं."

"आणि आत कसं जायचं ते?"

"ते उद्या शिकवणार."

क्रम बरोबर आहे. माझा प्रश्न एवढाच आहे, हे काम त्याच्या एकट्यावर का?

(शेअर करायला हरकत नाही. व्हिम की ईमॅक्स यावर भांडायचं असेल तर दुसऱ्याच्या भिंतीवर जा. तुमच्या कॉलेजात हे प्रात्यक्षिक खरंच घेतात का, ते मात्र जरूर लिहा.)